सील चालत होता तेव्हा

आम्हा पुणेकरांना सील भेटतो तो टीव्हीच्या पडद्यावर, बर्फावर लोळत पडलेला. भारताच्या किनाऱ्यावर त्याची वस्ती नाही, आणि त्याच्या पूर्वजांची हाडे शोधायला पर्वती किंवा सिंहगड खोदण्यातही अर्थ नाही. हे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. तेव्हा सीलचे घराणे जन्मालाही आले नव्हते.

तरी या घराण्याची एक गोष्ट मला फार आवडते. सीलचे पूर्वज जमिनीवरचे, चार पायांचे मांसाहारी प्राणी. अस्वले आणि पाणमांजरे ही त्यांची भाऊबंद मंडळी. मग ते समुद्रात गेले कसे? जमिनीवरचा प्राणी आधी ओढ्या-तळ्यांत शिकार करता करता शेवटी समुद्रात जाऊ शकेल, असे चार्ल्स डार्विनने आपल्या ग्रंथात सुचवले होते. सीलच्या बाबतीत पुरावा हवा होता.

तो मिळाला २००७ मध्ये, कॅनडाच्या अतिउत्तरेकडील डेव्हॉन बेटावर. नतालिया रिब्झिन्स्की यांच्या पथकाच्या गाडीतले इंधन वाटेत संपले. ते येईपर्यंत मंडळी आसपासची जमीन न्याहाळू लागली, आणि हाडे सापडली! २००९ मध्ये या प्राण्याचे बारसे झाले: ‘पुइजिला डार्विनी’. पहिला शब्द तिथल्या इन्युइट लोकांचा, अर्थ समुद्री सस्तन प्राण्याचे पिल्लू. दुसरा अर्थातच डार्विनच्या स्मरणार्थ.

पुइजिला दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. लांबी साधारण एक मीटर, शेपूट लांब, पाय चालण्याजोगे मजबूत, बोटांमध्ये बहुधा पडदे. डोके सीलच्या वळणाचे, अंग पाणमांजराचे. राहायचा गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी. तेव्हा त्या बेटावर जंगल होते.

मात्र याला सीलचा आजोबा म्हणू नये. वल्ह्यांसारखे पाय असलेला एनालिआर्क्टोस त्याच सुमारास पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ पोहत होता. पुइजिला हा जुन्या घरात राहिलेला चुलत आजोबा. तो मागे राहिला, म्हणून ते घर कसे होते याचा अंदाज आपल्याला आला.

गोव्यात मांडवीच्या खाडीत पाणमांजरे आजही आहेत. त्यांचा काही उद्या सील होणार नाही. पण त्यांनाही मासे असलेले पाणी आणि निवांत काठ लागतोच. मुळा-मुठेकडे पाहताना मला हेच आठवते. नदीचा काठ म्हणजे रिकामी जागा नव्हे. असल्याच एखाद्या काठावरून एक घराणे समुद्राला निघाले होते.