उदरभित्ती अंतर्गळ व जैव जाळी

उदरभित्तीतील स्नायू व प्रावरणी यांत पडलेल्या भोकातून आतडे, वपा यांसारखे उदरातील भाग त्वचेखाली येऊन जो फुगवटा निर्माण होतो, त्यास अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून उद्‌भवलेला अंतर्गळ फार मोठा असल्यास, दुरुस्तीनंतर पुन्हा झालेला असल्यास अथवा त्या जागी जंतुसंसर्ग किंवा आतड्याचा नालव्रण असल्यास त्यास जटिल मानतात.

केवळ टाके घालून असे भोक बुजविल्यास ऊतकांवर ताण पडतो. नेदर्लंड्समधील २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्रणजन्य अंतर्गळ तीन वर्षांत पुन्हा होण्याचे प्रमाण टाक्यांनंतर ४३ टक्के, तर जाळी बसविल्यानंतर २४ टक्के आढळले. प्रचलित जाळी बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या धाग्यांची असते.

दूषित जखमेत प्लॅस्टिकची जाळी जंतूंना आश्रय देईल व ती काढावी लागेल, या भीतीतून जैव जाळी प्रचारात आली. मृत मानवाची किंवा डुकराची अंतस्त्वचा, डुकराच्या लहान आतड्यातील श्लेष्मकलेखालचा थर किंवा गोवंशीय प्राण्याच्या हृदयावरील आवरण यांपासून ती तयार करतात. मूळ कोशिका काढून टाकल्यावर कोलॅजेनाचा सांगाडा तेवढा उरतो. त्यात रुग्णाच्या रक्तवाहिन्या व कोशिका शिरतात आणि हळूहळू नवे ऊतक बनते. मात्र हे ऊतक पुरेसे बळकट न झाल्यास ते ताणले जाऊन फुगवटा पुन्हा येतो. जाळी कोणत्या प्राण्यापासून केली आहे, हे रुग्णास आधी सांगून त्याची संमती घेणे आवश्यक असते.

जैव जाळीविषयीच्या अपेक्षा अनुभवाने पूर्णपणे खऱ्या ठरल्या नाहीत. अमेरिकेत २५३ रुग्णांवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दूषित जखमेतील अंतर्गळ दोन वर्षांत पुन्हा होण्याचे प्रमाण जैव जाळीनंतर २०·५ टक्के, तर प्लॅस्टिकच्या जाळीनंतर ५·६ टक्के होते. जखमेच्या ज्या तक्रारींसाठी पुन्हा उपाय करावा लागला, त्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. जैव जाळीची किंमत मात्र सु. २०० पट होती. पू झालेल्या जखमांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही.

जाळीच्या किमतीचा प्रश्न महाराष्ट्रात आधीच हाताळला गेला होता. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक रवींद्रनाथ टोणगांवकर व त्यांचे सहकारी यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले व अनेक केंद्रांतील अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला. युगांडात जांघेतील अंतर्गळ असलेल्या ३०२ पुरुषांवर केलेल्या चाचणीतही (२०१६) अशा स्वस्त जाळीचे परिणाम महागड्या जाळीच्या तोडीचे ठरले. हा पुरावा जांघेतील साध्या अंतर्गळापुरता आहे. जटिल अंतर्गळास तो लावता येत नाही.

नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या तालुक्यात अंगमेहनतीवर जगणाऱ्या रुग्णाला अंतर्गळ पुन्हा होणे म्हणजे रोजगार बुडणे होय. म्हणून जाळी निवडताना तिच्या किमतीपेक्षा जखमेची स्थिती पाहावी. तंबाखू सोडणे, मधुमेह आटोक्यात आणणे व पोषण सुधारणे ही पूर्वतयारी जाळीइतकीच महत्त्वाची असते. फुगवटा कठीण व वेदनायुक्त होऊन आत न गेल्यास व उलट्या होऊ लागल्यास मात्र विलंब न करता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडून जीवास धोका संभवतो.