गाडीचा दम का गेला?

मे महिन्यातली दुपार. ऊन मी म्हणत होते. कसारा घाटातून एक भाड्याची गाडी नाशिककडे चढत होती. गाडी हायब्रीड जातीची. मागे आजोबा, आजी आणि त्यांची नात बसली होती. मंडळी लग्नाला निघालेली. डिकी सामानाने भरली, म्हणून उरलेल्या पिशव्या आणि गोधड्या मागच्या सीटच्या कडेला कोंबल्या होत्या. घाट लागला तसा ड्रायव्हरने एसी बंद केला. ही त्याची वीस वर्षांची सवय. घाटात एसी बंद केला की इंजिनाला जोर मिळतो, असे तो मानी.

अर्धा घाट चढला आणि गाडीचा दम गेला. ड्रायव्हरने पाय दाबला. गाडी जेमतेम सरकली. मागून मालट्रकने भोंगा वाजवला. समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. खाली इंग्रजीत दोन ओळी उमटल्या.

ड्रायव्हरच्या मनात आले, पाय आणखी दाबावा. एकदा घाट चढला की झालं!

तेवढ्यात नात म्हणाली, "काका, इथं लिहिलंय की बॅटरी फार तापलीय. गाडीनं जोर कमी केलाय."

ड्रायव्हर शहाणा. त्याने पाय सैल केला. चारही इंडिकेटर लावले. गाडी हळूहळू डावीकडे घेतली आणि रुंद जागा पाहून उभी केली. माणसांना डाव्या दाराने उतरवून कठड्याच्या आडोशाला नेले. लाल त्रिकोण मागे दूर नेऊन ठेवला. मग तो पदराने वारा घेत बसलेल्या आजीला म्हणाला, "आजी, गाडीला धाप लागलीय. तिला जरा बसू द्या."

धाप लागलीय, हे त्याचे बोलणे अगदी खरे होते. कसे, ते पाहू.

एका जोखडाला दोघे

साध्या मोटारीत एकटे इंजिन गाडी ओढते. हायब्रीड गाडीत दोघे असतात. एक पेट्रोलचे इंजिन आणि दुसरी विजेची मोटर. जशी बैलजोडी. कधी एक ओढतो, कधी दुसरा, चढ आला की दोघे मिळून ओढतात.

मोटरला वीज देते ती मोठी बॅटरी. बऱ्याच गाड्यांत ती मागच्या सीटखाली किंवा डिकीजवळ असते. तिचा दाब पुष्कळ गाड्यांत २०० व्होल्टच्या आसपास असतो. ही बॅटरी घरी आणून चार्ज करावी लागत नाही. इंजिन तिला भरते. शिवाय आपण ब्रेक लावतो, उतारावरून येतो, तेव्हा चाके मोटरला फिरवतात आणि वीज तयार होते. ती वीज बॅटरीत जाते.

बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये एक पेटी असते. तिला इन्व्हर्टर म्हणतात. बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणे, हे त्याचे काम.

या सगळ्यांवर देखरेख करतो गाडीतला संगणक. बॅटरी किती तापली, इंजिन सुरू झाले की नाही, हे तो सारखे पाहत असतो. काही बिघडले तर तो मुकादमासारखा हुकूम देतो, "हळू चाला. ओझं कमी करा." यालाच आपण म्हणतो, गाडीचा दम गेला.

म्हणजे पुष्कळदा दम जात नाही, गाडी तो राखून धरते. मोठी हानी होऊ नये म्हणून ती स्वतःला आवरते. अशा वेळी पाय दाबणे म्हणजे बसलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे.

दम जाण्याची कारणे

पहिले कारण उष्णता. बऱ्याच गाड्यांत मोठी बॅटरी गार ठेवायला एक पंखा असतो. तो गाडीच्या आतली हवा ओढतो. हवा आत घ्यायची जाळी मागच्या सीटच्या खाली किंवा कडेला असते. तिच्यावर गोधडी पडली, पिशवी टेकली, की बॅटरीचा श्वास कोंडतो. जाळीमागे गाळणी असेल तर ती धुळीने, केसांनी, कापसाने भरते. आणि एसी बंद करून गाडीच तापवली तर पंख्याला गरम हवाच मिळते. घाटातल्या त्या गाडीत या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या होत्या.

दुसरे कारण इन्व्हर्टर. त्याला गार ठेवायला कूलंटचे पाणी फिरवावे लागते. त्याचा वेगळा पंप असतो. पंप बंद पडला किंवा पाणी कमी झाले की इन्व्हर्टर तापतो आणि गाडी जोर कमी करते.

तिसरे कारण इंजिन. पेट्रोल संपले, पंप बिघडला, प्लग खराब झाले, तर इंजिन चालत नाही. गंमत अशी की, गाडी लगेच थांबत नाही. विजेची मोटर एकटी ओढते. ड्रायव्हरला वाटते, सगळे ठीक आहे. थोड्या अंतरात बॅटरी रिकामी होते आणि गाडी रस्त्यातच बसते. म्हणून पेट्रोलचा काटा तळाला जाऊ देऊ नये.

चौथे कारण मोठी बॅटरीच थकणे. ती पुष्कळ लहान घरांची बनलेली असते. त्यातले एखादे घर कमजोर झाले की सगळ्या बॅटरीचा जोर खुंटतो.

पाचवी छोटी बॅटरी. ती १२ व्होल्टची असते. दिवे, संगणक तिच्यावर चालतात. ती कमजोर झाली तर भलतेसलते दिवे लागतात, गाडी सुरूच होत नाही. दुरुस्ती स्वस्तातली असते, पण घाबरून माणूस मोठ्या खर्चाला तयार होतो.

आणखी एक गोष्ट. लांब चढावर मोठी बॅटरी उतरते आणि इंजिनाला एकट्याने ओढावे लागते. तेव्हा गाडी थोडी जड वाटते, इंजिन ओरडते. धोक्याचा दिवा नसेल आणि सपाटीवर जोर परत आला, तर तो बिघाड नव्हे.

कधी दोष कारखान्याचा

दोष दर वेळी चालकाचा किंवा धुळीचा नसतो. जपानच्या टोयोटा कंपनीची प्रिउस ही गाडी १९९७ साली विक्रीला आली. मोठ्या संख्येने तयार झालेली ती पहिली हायब्रीड मोटार. २०१४ साली कंपनीने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रिउस गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. संगणकाला दिलेल्या आज्ञांत चूक होती. त्यामुळे इन्व्हर्टरचे भाग फार तापून बिघडू शकत होते. मग गाडीचा जोर कमी होई, क्वचित गाडी बंदही पडे.

२०१८ साली आणखी एक दोष कळला. बिघाड झाला की गाडीने हळू चालायच्या बेतात यावे, अशी योजना होती. काही प्रसंगी तसे न होता जोर पुरताच जाऊ शकत होता. तेव्हा सुमारे २४ लाख हायब्रीड गाड्या परत बोलावल्या गेल्या. यावरून एक कळते. गाडी हळू चालते ही सोय आहे. ती सोय नसणे हा खरा धोका.

कंपनी अशी दुरुस्ती फुकट करून देते. म्हणून कंपनीचे पत्र किंवा निरोप आला तर टाकून देऊ नका. वाचा किंवा वाचून घ्या.

त्या वेळी काय करावे

गाडी चालू असताना बंद करायचे बटण दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. ते जड लागले तर जोर लावा. ब्रेक एकदाच, पण घट्ट दाबा. सारखा सोडून-दाबून पाहू नका. चारही इंडिकेटर लावा आणि डावीकडे या. वळणावर थांबू नका.

दिवा कोणत्या रंगाचा, ते पाहा. लाल असेल तर सुरक्षित जागा मिळताच थांबा आणि पुढे नेऊ नका. पिवळा असेल तर हळू चालवून जवळच्या ठिकाणी दाखवा. पडद्यावर अक्षरे आली तर त्यांचा फोटो काढा. इंग्रजी येत नसले तरी फोटो काढता येतो.

बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील. त्यांना हात लावू नका. त्यांत माणूस मारील इतकी वीज असते. कितीही हुशार मिस्त्री असला तरी रबरी हातमोजे आणि शिक्षण यांशिवाय त्याने तिथे हात घालू नये. गाडी पाण्यात बुडाली असेल तर सुरू करूनही पाहू नका.

कोड लिहून घ्या

घाटातली गाडी अर्ध्या तासाने निवली. दिवा गेला. ड्रायव्हरने जाळीवरच्या गोधड्या काढल्या, एसी लावला आणि सावकाश इगतपुरी गाठली. मंडळी लग्नाला वेळेवर पोचली. दुसऱ्या दिवशी तो नाशिकच्या एका गॅरेजमध्ये गेला.

मिस्त्री म्हातारे, पण नवे शिकलेले. त्यांनी यंत्र जोडले. यंत्रावर अक्षरे आणि आकडे आले.

"मिस्त्री, बॅटरी बदलायची का हो?" ड्रायव्हरचा आवाज उतरला होता. गाडीचे हप्ते अजून फिटायचे होते.

"अरे, आधी लिहून तर घे," मिस्त्री म्हणाले. "कोड पुसला की पुरावा गेला. छोट्या बॅटरीची तार काढली तरी तो पुसला जाऊ शकतो. आणि कोड म्हणजे निकाल नव्हे. तो फक्त दुखतंय कुठं ते सांगतो."

त्यांनी जाळी उघडली. गाळणीवर धुळीचा आणि कापसाचा जाड थर बसला होता. ती साफ केली. मग बॅटरीची घरे एकेक करून यंत्रावर तपासली. सगळी सारखी होती. बॅटरी शाबूत होती.

"दिवा पुसून धंद्याला लागला असतास," मिस्त्री म्हणाले, "तर दोन महिन्यांत खरंच बॅटरी बदलावी लागली असती."

काही कंपन्या मोठ्या बॅटरीची ८ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. तुमच्या गाडीची हमी किती, भाड्याच्या गाडीला ती लागू आहे का, हे हमीच्या कागदात पाहा. कोणी "बॅटरी गेली" म्हटले तर आधी कोड आणि तपासणीचे आकडे कागदावर मागा. मगच पैशाचे बोला.

ड्रायव्हरने घरी येऊन गाडीचे पुस्तक काढले. ते वर्षभर कप्प्यात तसेच पडून होते. बॅटरीच्या जाळीचे पान त्याने मुलाकडून वाचून घेतले आणि वहीत मराठीत लिहिले: "मागच्या सीटच्या कडेला सामान ठेवू नये. गाळणी साफ करावी. घाटात एसी बंद करू नये."

ती वही आता गाडीत असते. गाडीत बसणाऱ्याने मागे पिशवी कोंबली की तो म्हणतो, "बाबा, तेवढी पिशवी पुढं द्या. गाडीला श्वास घेऊ द्या."