कोलायडरमधील नव्या मूलकणांचा शोध

विरुद्ध दिशांनी येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या दोन कणशलाकांची टक्कर घडवून आणणाऱ्या वेगवर्धकास कोलायडर म्हणतात. अशा टकरींच्या नोंदींतून पूर्वी अज्ञात असलेल्या मूलकणाचे अस्तित्व सिद्ध करणे, हे प्रायोगिक भौतिकीचे एक प्रमुख कार्य आहे. नवा कण बहुधा निर्माण होताच क्षय पावतो व त्याचे अस्तित्व क्षयातून निघालेल्या कणांवरून अनुमानाने ठरवावे लागते. तसेच कण परिचित प्रक्रियांतूनही उत्पन्न होत असल्याने सामान्यतः एखाद्या टकरीवरून शोध लागला असे म्हणता येत नाही. परिचित प्रक्रियांचा हिशेब पूर्ण केल्यावर जे शिल्लक राहते, तेच शोधाचे प्रमाण होय. या कार्यात मुंबईतील टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च (स्थापना १९४५) व भाभा अणुसंशोधन केंद्र या संस्थांचा महत्त्वाचा वाटा आहे.

तत्त्व : टकरीतील ऊर्जेचे वस्तुमानात रूपांतर होऊन जड कण निर्माण होऊ शकतात. जिनीव्हाजवळील सेर्न या यूरोपीय संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सु. २७ किमी. परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनांच्या टकरी घडवितात. प्रोटॉनाचे वस्तुमान ऊर्जेच्या एककात सु. ०·९४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. टकरीची ऊर्जा मात्र २०१० मध्ये ७,००० अब्ज, २०१५ मध्ये १३,००० अब्ज व २०२२ मध्ये १३,६०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेण्यात आली.

एखाद्या कणाच्या क्षयातून दोन फोटॉन निघाले, तर त्यांच्या ऊर्जा व त्यांमधील कोन यांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढता येते. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन फोटॉनांसाठी हेच गणित केल्यास कोणतेही मूल्य येऊ शकते. म्हणून असंख्य टकरींतील मूल्यांचा आलेख काढल्यास परिचित प्रक्रियांमुळे सावकाश उतरणारा वक्र मिळतो आणि नवा कण असल्यास त्याच्या वस्तुमानाच्या ठिकाणी त्या वक्रावर लहानसा उंचवटा दिसतो. वक्राच्या या परिचित भागास पार्श्वभूमी म्हणतात.

टकरींची निवड : या कोलायडरमध्ये प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सु. चार कोटी वेळा परस्परांतून जातात. एवढ्या नोंदी साठविणे अशक्य असल्याने प्रथम जलद इलेक्ट्रॉनीय मंडले व नंतर संगणक यांच्या साहाय्याने त्यांतील हजाराच्या आसपास घटना दर सेकंदाला निवडल्या जातात. हिग्ज कण सु. शंभर कोटी टकरींमागे एकदाच निर्माण होतो आणि दोन फोटॉनांमध्ये होणारा त्याचा क्षय हजारी केवळ दोनच्या सुमारास आढळतो. यावरून निवडीच्या नियमांचे महत्त्व स्पष्ट होते. जे येथे वगळले गेले, ते पुन्हा मिळत नाही.

मुंबईतील कार्य : टाटा संस्थेत अतिसूक्ष्म कणांच्या संशोधनाची परंपरा विश्वकिरणांच्या अभ्यासापासून चालत आली. कोलार येथील सोन्याच्या खाणीत खोलवर केलेल्या प्रयोगांत १९६५ मध्ये वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या आंतरक्रिया नोंदल्या गेल्या. पुढे संस्थेतील गट परदेशी वेगवर्धकांवरील प्रयोगांत सामील झाले. अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत ज्या दोन प्रयोगांनी १९९५ मध्ये टॉप क्वार्क शोधला, त्यांपैकी ‘डी-झीरो’ प्रयोगात हा गट होता.

सेर्नच्या ‘सीएमएस’ या अभिज्ञातकाचा बाह्य हॅड्रॉन ऊर्जामापक मुख्यत्वे टाटा संस्था व चंडीगढचे पंजाब विद्यापीठ यांनी उभारला. न्यूट्रिनोसारखे कण अभिज्ञातकात कोणताही माग न ठेवता निघून जातात. टकरीपूर्वी शलाकेच्या दिशेला लंब असा संवेग जवळजवळ शून्य असतो. म्हणून टकरीनंतर तो असंतुलित दिसल्यास अदृश्य कण निसटल्याचे अनुमान करतात. परंतु साध्या हॅड्रॉनाचीच काही ऊर्जा मोजली न जाता बाहेर गेली, तरी असाच असंतुलनाचा आभास होतो. सीएमएसच्या मध्यभागात अतिसंवाहक चुंबकाच्या वेटोळ्याच्या आतील ऊर्जामापकाची जाडी अत्युच्च ऊर्जेच्या हॅड्रॉनांना पुरेशी नाही. म्हणून वेटोळ्याच्या बाहेर चमक निर्माण करणाऱ्या प्लॅस्टिकचे थर बसवून निसटती ऊर्जा मोजतात.

भाभा अणुसंशोधन केंद्राने दिल्ली विद्यापीठ व भारत इलेक्ट्रॉनिक्स लि. यांच्या सहकार्याने सीएमएससाठी सिलिकॉन पट्ट्यांचे संवेदक तयार केले. विद्युत् भाररहित पायॉनापासून निघालेले दोन निकटवर्ती फोटॉन एकच फोटॉन असल्याचा भास होतो. तो ओळखण्यास हे संवेदक उपयोगी पडतात. अशा रीतीने दोन्ही उपकरणांचा मुख्य हेतू फसव्या घटना ओळखणे हा आहे. टाटा संस्थेत सीएमएसच्या नोंदींचे विश्लेषण करणारे एक संगणक केंद्रही उभारण्यात आले.

सार्थता : उंचवटा निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. पार्श्वभूमीच्या अपेक्षित चढउतारांच्या तुलनेत तो किती मोठा आहे, हे प्रमाण विचलनात सांगतात. नवा कण नसतानाही तीन प्रमाण विचलनांइतका किंवा त्याहून मोठा उंचवटा दिसण्याची संभाव्यता सु. ७४० त एक, तर पाचांसाठी ती सु. ३५ लाखांत एक असते. पाच ही शोध जाहीर करण्याची प्रचलित मर्यादा आहे. ही संभाव्यता म्हणजे नवा कण नसण्याची संभाव्यता नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तसेच आलेखात अनेक ठिकाणी शोध घेतल्यास कोठे तरी योगायोगाने उंचवटा आढळण्याची शक्यता वाढते व त्यानुसार सार्थता कमी धरावी लागते. अपेक्षेचा परिणाम निवडीवर होऊ नये म्हणून नियम निश्चित होईपर्यंत आलेखाचा महत्त्वाचा भाग झाकून ठेवण्याची पद्धत आहे. २०१२ मध्ये हिग्ज कणाच्या शोधात सीएमएस गटाने ती अवलंबिली होती.

दोन उदाहरणे : ४ जुलै २०१२ रोजी सीएमएस व ॲटलास या दोन स्वतंत्र प्रयोगांनी सु. १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाच्या नव्या कणाची घोषणा केली. दोघांचेही निष्कर्ष सु. पाच प्रमाण विचलनांचे होते व उंचवटा एकाच ठिकाणी होता. पुढील नोंदींनी तो हिग्ज कण असल्याचे दृढ झाले.

डिसेंबर २०१५ मध्ये याच दोन प्रयोगांत सु. ७५० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी दोन फोटॉनांचा उंचवटा दिसला. ॲटलासमध्ये त्याची त्या ठिकाणची सार्थता साडेतीन प्रमाण विचलनांहून अधिक होती. पण संपूर्ण आलेखाचा विचार करता ती सु. दोनच उरत होती. त्याच्या स्पष्टीकरणार्थ शेकडो सैद्धांतिक निबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ पर्यंत सु. चौपट नव्या नोंदी मिळाल्या आणि उंचवटा नाहीसा झाला. यात उपकरणाचा दोष वा गणिताची चूक नव्हती. तो योगायोग होता.

उंचवटा न आढळणे हेही फलित असते. विशिष्ट वस्तुमानाचा कण असता तर किती घटना दिसल्या असत्या, हे ठाऊक असल्याने त्या न दिसल्यास तो कण सांगणारे सिद्धांत त्या मर्यादेपर्यंत बाद ठरतात. हिग्ज कणानंतर या कोलायडरमध्ये क्वार्कांपासून बनलेले अनेक नवे संयुक्त कण आढळले. मात्र नव्या अविभाज्य कणांच्या बाबतीत हाती आलेले निष्कर्ष प्रामुख्याने अशा मर्यादांच्या स्वरूपाचे आहेत.