फिर्यादी कोण?

ज्या वृद्धाला पोटच्या मुलाचे नाव आठवत नाही, आणि कुठे दुखते हे सांगणारा शब्द ज्याच्या जिभेवर येण्यापूर्वीच विरून जातो, तो स्नानाच्या वेळी परिचारिकेवर हात उगारतो, दिवस मावळू लागला की येरझारा घालतो, रात्री ओरडत सुटतो. शुश्रूषागृहाच्या दफ्तरात मात्र ‘रुग्ण आक्रमक’ एवढीच नोंद होते. फिर्याद दाखल होते ती त्याच्याविरुद्ध, आणि तिचा निकालही पुष्कळदा ठरलेला असतो : मनोविकारावरचे औषध देऊन त्याला गप्प करणे. ही औषधे निरुपद्रवी नव्हेत; स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत त्यांच्यामुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता.

या पार्श्वभूमीवर बेटिना हुसेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांत केलेला आणि २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मननीय आहे. स्मृतिभ्रंश बळावलेले व वर्तन बिघडलेले ३५२ रहिवासी त्यात होते. काही विभागांत आठ आठवडे वेदनाशामकांचा क्रमाक्रमाने वाढवत नेलेला उपचार झाला, उरलेल्यांत नेहमीचाच शिरस्ता चालू राहिला.

पण जो बोलत नाही त्याची वेदना मोजावी कशी? हुसेबो यांच्या पद्धतीत परिचारिका रुग्णाची मूठ हळूच उघडते, हात वर नेते, गुडघा दुमडते, त्याला कुशीवर वळवते, बिछान्यावर उठवून बसवते; आणि प्रत्येक हालचालीसरशी कपाळाला आठी पडते काय, कण्हणे उमटते काय, अंग आखडते काय, हे टिपून ठेवते. मला तर औषधांपेक्षाही या निरीक्षणाचे मोल अधिक वाटते, कारण येथे प्रथमच रुग्णाची जबानी, शब्दांवाचून का होईना, घेतली जाते.

बहुसंख्यांना मिळाले ते साधे पॅरासिटामॉल, दिवसाला फार तर तीन ग्रॅम. थोड्यांना मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिनची त्वचेवर चिकटवायची पट्टी किंवा प्रीगॅबालिन. तेवढ्याने अस्वस्थतेचे सरासरी मान १७ टक्क्यांनी उतरले. हा चमत्कार नव्हे, आणि प्रत्येक आरडाओरड्याच्या मुळाशी सांधेदुखीच असते असेही नाही. तुंबलेले मूत्र, बद्धकोष्ठ, भूक, गोंगाट, अनोळखी हातांचा स्पर्श, यांचीही चौकशी व्हावयास हवी. तथापि आठ आठवड्यांची मुदत संपून वेदनाशामके थांबविण्यात आली, तेव्हा पुढल्या चार आठवड्यांत त्या वृद्धांची अस्वस्थता पुन्हा वाढली.