खाजवल्याने खाज जाते का?

खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली, की माणूस नखांनी अंग ओरबाडू लागतो. खाजवताना बरे वाटते. पण घटकाभराने खाज पुन्हा उठते. असे का होते?

खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असे पूर्वी मानत. २००७ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. मज्जारज्जूत खाजेचा निरोप घेणारा एक घटक ज्या उंदरांत नव्हता, ते कमी खाजवत. वेदना मात्र त्यांना इतरांसारखीच होई. म्हणजे खाजेची वाट बरीचशी वेगळी आहे.

नखांनी त्वचेला थोडी वेदना होते. ही वेदना मज्जारज्जूत खाजेचा निरोप तेवढ्यापुरता दाबते, म्हणून आराम वाटतो. पण मूळ कारण तसेच राहते. उलट कातडी सोलवटते, दाह वाढतो आणि जखमेत पू होऊ शकतो.

तेव्हा कारण शोधावे. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर पुरळ असेल आणि घरात इतरांनाही खाज सुटली असेल, तर बहुधा ती खरूज असते. त्वचेत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म किडीमुळे ती होते. एकट्याने औषध लावून भागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार करावा. त्याच दिवशी कपडे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. मुलांची नखे बारीक कापावीत. उपचारानंतरही काही आठवडे खाज राहू शकते. त्याने घाबरू नये.