हिवाळ्याचे अंगण आणि सूर्यास्तापूर्वीचा तास

बुलढाणा जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही. येथील मुले बर्फाचे खेळ पडद्यावर पाहतात आणि आपल्या अंगणात असे का घडत नाही, हे आजी-आजोबांना विचारतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेल्या बुलढाणा शहरातही हिम पडण्याइतका गारठा नसतो, हे त्याचे साधे उत्तर. हिवाळ्यात येथील आकाश बहुधा निरभ्र असते. त्यामुळे रात्री जमिनीची ऊब लवकर निघून जाते, पहाटे गवतावर दव साचते आणि सखल भागात कधी धुके उतरते. दव, धुके, हिम आणि गारा यांची गणना जैन शास्त्राने अप्काय जीवांत केली आहे. म्हणूनच दवाने भिजलेले गवत तुडवू नये, ऊन वर येऊ द्यावे, असे घरातील वडीलधारी माणसे मुलांना सांगतात.

बर्फ या भूमीवर उतरतो तो गारांच्या रूपाने, बहुधा हिवाळा सरता सरता. अंगणात गारा नाचू लागल्या की मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. पण तीच गार उभा गहू आडवा करते, हरभऱ्याचे घाटे झोडपून काढते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान केले. पेढीवर येणारे धान्य कोणाच्या शेतातून आणि किती संकटांतून येते, हे व्यापारी घरातील मुलाला त्या वेळी सहज समजावता येते.

दुसरी अडचण मात्र घरातलीच आहे. मुलांसाठी सर्वांत रम्य असलेला हा ऋतू व्यापाऱ्यासाठी सर्वांत धावपळीचा असतो. दिवाळीनंतर बाजारात कापसाची आवक वाढते, जिनिंगच्या आवारात पांढऱ्या राशी उभ्या राहतात, पुढे तूर येते. खामगाव, मलकापूर, नांदुरा येथील पेढ्यांवर दिवस कसा सरला हे कळतही नाही. दिवसही आखूडलेला असतो. जूनअखेरीस येथे सूर्यास्त सायंकाळी सातनंतर होतो. डिसेंबरच्या आरंभी तो पावणेसहाच्या सुमारासच होतो. मुले शाळेतून येतात, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतात आणि वडील दुकानातून परततात तेव्हा अंगणात अंधार असतो. असे महिनोन्‌महिने चालले, तर मुलांचा हिवाळा वडिलांविना निघून जातो.

यावर एक उपाय अनेक घरांच्या आवाक्यातला आहे. आठवड्यातून निदान एक दिवस, बाजार बंद असेल तो, सायंकाळी साडेचार ते सूर्यास्त हा वेळ संपूर्ण कुटुंबाने अंगणासाठी राखावा. लगोरी, लंगडी, सागरगोटे यांना पैसा लागत नाही. आजोबांनी पंच व्हावे, वडिलांनी गडी व्हावे आणि जेवणाची पंगत उजेड आहे तोवर अंगणातच बसावी. रात्री ज्योतीकडे कीटक ओढले जातात, म्हणून शेकोटीची हौस टाळून सकाळच्या कोवळ्या उन्हाचीच ऊब घ्यावी. उन्हात बसून तिळाचा किंवा डिंकाचा लाडू खाण्याची गोडी काही वेगळीच असते.

तुरीच्या शेंगा उकडण्यापूर्वी सोलून, निवडून घेण्याचे काम मुलांकडे द्यावे. शेंगेत कधी हिरवी घाटेअळी सापडते. ती दिसताच किंचाळणाऱ्या मुलाला आजी सांगते, ‘‘घाबरू नकोस, पानावर घे आणि अलगद झाडाखाली ठेव.’’ शेतकऱ्याची वैरीण असलेली ती अळीसुद्धा जीव आहे, हे मूल आपल्या हातांनी शिकते. जयणा या शब्दाचा अर्थ पाठशाळेत सांगितला जातो. अंगणात तो अंगवळणी पडतो.

संक्रांतीला पतंग उडवतानाही हीच दृष्टी हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन व कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे. साधा सुती दोरा घ्यावा, पहाटे व सायंकाळी पक्षी थव्याने ये-जा करतात तेव्हा पतंग उतरवावा आणि झाडांत, तारांत अडकलेला दोरा मोठ्यांनी जपून काढावा. मुलांनी गच्चीवर व अंगणात पडलेले तुकडे गोळा करावेत.

कापसाचा हंगाम दरवर्षी येईल. मूल मात्र सहाव्या वर्षी एकदाच सहा वर्षांचे असते. वहीखात्यात उद्याच्या व्यवहारांची नोंद करताना अंगणातल्या त्या तासाचीही नोंद करून ठेवावी.