तेरा दिवसांत ५५८ शस्त्रक्रिया

युद्धपटात हिशेब असतो तो किती मारले याचा. २०१६च्या ‘हॅकसॉ रिज’ने तो उलटा मांडला. बंदुकीला हात लावायचा नाही, ही डेस्मंड डॉस या अमेरिकी सैनिकाची धर्मश्रद्धा. मे १९४५मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने जखमींना एकेक करून दोराने खाली सोडलं. वरिष्ठ म्हणाले, १०० तरी असतील. तो म्हणाला, ५०च्या वर नाहीत. मग तडजोड झाली आणि नोंद पडली ७५ची.

आपल्या सोलापूरच्या माणसाचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे.

१९३७मध्ये जपान चीनवर तुटून पडला. या युद्धात चीनची किती माणसं गेली, याचे अंदाज दीड-दोन कोटींपर्यंत जातात. अहिंसेचं व्रत घेतलेल्या काँग्रेसकडे चीनमधून मदत मागितली गेली; पथक पाठवायचं ठरलं तेव्हा सुभाषबाबू अध्यक्ष होते. लोकवर्गणी जमली २२,००० रुपये. १ सप्टेंबर १९३८ला मुंबईहून पथक निघालं. त्यात पाच डॉक्टर होते, त्यांपैकी दोघे मराठी: नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले कोटणीस तेव्हा अवघे २७ वर्षांचे.

ऑगस्ट १९४०मध्ये चिनी कम्युनिस्टांनी उत्तर चीनमध्ये प्रतिहल्ला सुरू केला. त्यात १०५ रेजिमेंट उतरल्या होत्या. याच मोहिमेतल्या एका लढाईचे तेरा दिवस कोटणीस आघाडीलगत होते. त्यांच्याकडे ८००हून जास्त जखमी आले आणि त्यांतल्या ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या.

आता भागाकार करा. तेरा दिवस म्हणजे १८,७२० मिनिटं. रात्र, जेवण, झोप काहीही वजा न करता दर साडेतेहतीस मिनिटांना एक शस्त्रक्रिया! गोरेगावहून धिमी लोकल दादरला पोचते साधारण तेवढ्या वेळात. एक गाडी दादरला लागली की लगेच दुसरी गोरेगावहून सुटणार, आणि हे तेरा दिवस, तेरा रात्री चालणार. त्यातच सलग ७२ तास डोळ्याला डोळा न लावता काढलेले.

दीड-दोन कोटींपुढे ५५८ हा आकडा टक्केवारीत दिसतही नाही. पण स्ट्रेचरवर टक्केवारी येत नाही, माणूस येतो. पोटात गोळी घेऊन आलेल्याला बाकीच्या कोटींशी काय देणंघेणं?

जानेवारी १९४१मध्ये कोटणीस चीनमधल्याच बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ला अपस्माराच्या झटक्याने ते गेले, वयाच्या ३२व्या वर्षी. व्ही. शांताराम यांनी १९४६मध्ये त्यांच्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि स्वतःच कोटणीस झाले. चित्रपट दोन तासांचा धरू. त्या तेरा दिवसांच्या वेगाने तेवढ्यात तीन जण टेबलावरून उतरले असते आणि चौथ्याचं काम निम्म्यावर आलं असतं.